परतीच्या किरणाला मज्जाव

प्रकाशाचा किरण ज्या वाटेने गेला त्याच वाटेने तो परतही येऊ शकतो, ही गोष्ट शास्त्राने नियमबद्ध करण्यापूर्वीच मनुष्याला अनुभवाने ठाऊक झालेली होती. आरशात एखाद्याचे डोळे आपल्याला दिसत असतील तर आपलेही डोळे त्याला दिसत असलेच पाहिजेत, आणि मध्ये कितीही भिंगे, लोलक किंवा रंगीत काचा मांडल्या तरी ही परस्परता भंग पावत नाही. विजेच्या प्रवाहाला डायोडच्या योगाने एकाच दिशेने वाहण्याची सक्ती करता येते. प्रकाशाला मात्र पुढे जाण्याची मुभा आणि मागे येण्यास मज्जाव असा दुहेरी हुकूम बजावणे, हे पदार्थविज्ञानातील एक अत्यंत दुर्घट कार्य ठरले. दूरसंदेशवहन आणि संगणन यांचा वाढता भार ज्या सिलिकॉनच्या चिपवर टाकण्याची तजवीज आज चालू आहे, तिच्यावर प्रकाशाचे उगम, वळणे, फाटे आणि संगम ही सर्व साधली असतानाही हा एक मज्जाव दीर्घकाळ साधत नव्हता. त्याचा इतिहास पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा आहे, आणि तो क्रमाने पाहिला असता एवढे निश्चित दिसते की, निसर्गाने ही मुभा कोणाच्याही रचनाचातुर्यावर भाळून दिलेली नाही. तिची ठरलेली किंमत ज्यांनी ओळखली आणि चुकती केली, त्यांनाच ती मिळाली.

या इतिहासाचा आरंभ लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, १३ सप्टेंबर १८४५ या दिवशी होतो. मायकेल फॅरडे यांना त्या वेळी चौपन्नावे वर्ष चालू होते. विद्युत्, चुंबकत्व आणि प्रकाश यांच्या मुळाशी काही आप्तसंबंध असलाच पाहिजे ही त्यांची जुनी श्रद्धा होती, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तरुण विल्यम टॉमसन यांचे जे पत्र त्यांना आले, त्याने ते या प्रश्नाकडे पुन्हा वळले. ज्याची कंपने एकाच प्रतलात बांधलेली आहेत असा, म्हणजे प्रतलध्रुवित, प्रकाश त्यांनी प्रबळ विद्युत्चुंबकाच्या सान्निध्यात ठेवलेल्या नानाविध पदार्थांतून सोडून पाहिला. हवा, फ्लिंट काच, क्वार्ट्झ, कॅल्साइट हे सारे साक्षीदार निरुत्तर राहिले. अखेरीस हाती आला तो शिशाचा अंश असलेल्या जड काचेचा एक तुकडा. १८२५ नंतरची काही वर्षे फॅरडे यांनी रॉयल सोसायटीच्या एका समितीसाठी दुर्बिणीची निर्दोष काच घडविण्याच्या खटपटीत घालविली होती. त्या परिश्रमांतून दुर्बिणींना म्हणावा तसा लाभ झाला नाही, परंतु त्या वेळी ओतलेली ही काच मागे राहिली होती. चुंबकाच्या बलरेषा किरणाच्या दिशेशी समांतर येतील अशा रीतीने ती ठेवली, प्रवाह सुरू केला, आणि कंपनांचे प्रतल फिरले. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध प्रथमच प्रयोगसिद्ध झाला.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचे निरीक्षण फॅरडे यांनी त्यानंतर अल्पावधीतच केले आणि १८४६ मध्ये प्रसिद्ध केले. काचेच्या टोकांना चांदीचा मुलामा देऊन त्यांनी किरणाला तिच्यातून पुनःपुन्हा येरझारा घालावयास लावले, तेव्हा तीन वेळा गेलेल्या किरणाचे परिवलन सुमारे तिप्पट आणि पाच वेळा गेलेल्याचे सुमारे पाचपट भरले. यातील विलक्षणता लक्षात येण्यास क्वार्ट्झचे उदाहरण घ्यावे. क्वार्ट्झ आणि साखरेचे द्रावण हे पदार्थही प्रकाशाचे प्रतल फिरवितात, हे आरागो आणि बिओ यांनी पूर्वीच दाखविले होते. पण त्यांचे वळण मळसूत्राच्या आट्यांसारखे असते, म्हणजे कोणत्याही टोकाकडून पाहिले तरी ते उजवे असल्यास उजवेच दिसते, आणि म्हणून जाताना मिळालेले परिवलन येताना पूर्णपणे उलगडले जाते. चुंबकाच्या बाबतीत वळणाची दिशा किरणाच्या चालीवर अवलंबून नसून चुंबकाला वेढणाऱ्या प्रवाहाच्या दिशेवर अवलंबून असते. त्यामुळे परतीच्या प्रवासात परिवलन उलगडण्याऐवजी दुप्पट होते. जाणारा आणि येणारा किरण यांच्यात निसर्गाने केलेला हा पहिला ज्ञात भेदभाव होय.

या भेदभावाचे महत्त्व कळण्यासाठी मूळ नियम किती कडक आहे हे आधी सिद्ध व्हावे लागले. १८४९ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनी किरणांच्या उलट्या गमनाचे तत्त्व परावर्तनाच्या गणितात वापरले, १८५६ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या दृष्टिविषयक महाग्रंथात ते व्यापक स्वरूपात मांडले, आणि १८९६ मध्ये हॉलंडच्या हेंड्रिक लोरेंट्झ यांनी मॅक्सवेलच्या समीकरणांतून त्याची जी सिद्धता दिली, तीमुळे ते आज लोरेंट्झ यांच्याच नावाने ओळखले जाते. माध्यम कितीही गुंतागुंतीचे असो, ते प्रकाश शोषणारे असो वा विखुरणारे असो. त्याचे गुणधर्म कालानुसार बदलत नसतील, प्रकाशाच्या तीव्रतेवर अवलंबून नसतील आणि त्यावर चुंबकाचा अंमल नसेल, तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जितका प्रकाश पोहोचतो, तितकाच तो दुसऱ्याहून पहिल्याकडेही पोहोचला पाहिजे, असा त्याचा आशय आहे. या वाक्यातील तीन अटी म्हणजेच पुढील सर्व इतिहासाचे तीन दरवाजे होत.

चुंबकाचा दरवाजा प्रथम कोणी नीट उघडून दाखविला असेल तर तो लॉर्ड रॅले यांनी. १८८५ मध्ये चुंबकीय परिवलनाच्या मापनासंबंधी लिहिताना त्यांनी अशी रचना सुचविली: दोन निकोल लोलक, म्हणजे एकाच प्रतलातील कंपने पुढे सोडणारे स्फटिक, एकमेकांशी ४५ अंशांचा कोन करून ठेवावेत, आणि मधल्या माध्यमात चुंबकाने बरोबर ४५ अंशांचे परिवलन घडवावे. जाणारा प्रकाश ४५ अंश फिरून दुसऱ्या लोलकातून सुखरूप बाहेर पडतो. येणारा प्रकाश त्याच अंगाला आणखी ४५ अंश फिरतो, पहिल्या लोलकाशी काटकोनात येतो आणि तेथेच अडविला जातो. आज जिला आपण ऑप्टिकल आयसोलेटर म्हणतो, ती हीच रचना. पुढे विल्हेल्म वीन यांनी तिच्याविषयी एक गंभीर शंका उपस्थित केली: अशा एकमार्गी द्वाराच्या दोन बाजूंना समान तापमानाच्या दोन वस्तू ठेवल्या, तर एक थंड होत जाऊन दुसरी तापत जाईल, आणि मग उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचे काय? रॅले यांनी १९०१ मध्ये याचा निवाडा दिला. लोलकाने नाकारलेला प्रकाश नाहीसा होत नाही. तो बाजूला फेकला जातो, आणि त्याला आरशाने परत धाडल्यास तो पुन्हा माध्यमातून फेऱ्या घेत अखेरीस पलीकडे पोहोचतोच. म्हणून मज्जाव केलेल्या प्रकाशाला कोठेतरी वेगळी वाट किंवा शोषणाची जागा करून द्यावी लागते. चुंबकाखेरीज एकमार्गी द्वाराची ही दुसरी किंमत रॅले यांनी त्याच वेळी हिशेबात धरली.

त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षे हा विषय दप्तरात पडून राहिला, आणि त्याला पुन्हा चालना मिळाली ती दृश्य प्रकाशातून नव्हे, रडारच्या सूक्ष्मतरंगांमधून. १९४८ मध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत बर्नार्ड टेलेगेन यांनी परस्परतेचा नियम न पाळणाऱ्या एका काल्पनिक विद्युत्-घटकाची कल्पना मांडली. १९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील लेस्टर होगन यांनी चुंबकित फेराइटमधील परिवलन वापरून तो सूक्ष्मतरंगांसाठी प्रत्यक्षात आणला. आणि १९५५ मध्ये फॉक्स, मिलर व वाइस या तिघांनी फेराइटच्या उपयोगांचा सविस्तर आढावा तेथूनच प्रसिद्ध केला. याच सुमारास, १९५६ मध्ये, ग्रनोबल येथे बेर्तो आणि फोरा यांनी यिट्रियम, लोह आणि ऑक्सिजन यांचा गार्नेट-रचनेचा एक चुंबकीय स्फटिक शोधून काढला. थोड्याच काळात बेल प्रयोगशाळेत गेलर व गिलेओ यांनी त्याच्यावर स्वतंत्रपणे काम केले आणि जोसेफ डिलन यांनी त्याचे पातळ थर प्रकाशाला पारदर्शक असल्याचे दाखविले. हा स्फटिक अवरक्त प्रकाशाला विशेष पारदर्शक असतो, आणि पुढे काचतंतूंतील दूरसंदेशवहनासाठी जे तरंग निवडले गेले तेही, तंतूच्या स्वतःच्या कारणांसाठी, १.३ आणि १.५५ मायक्रोमीटरच्या त्याच अवरक्त पट्ट्यात आले. असा योग शास्त्राच्या इतिहासात क्वचित जुळून येतो.

लेसरचा जन्म १९६० चा. परतीच्या किरणाचा उपद्रव किती असतो याचा प्रत्यय त्याच्यामुळे प्रथम आला, आणि १९६४ मध्येच ॲप्लेट व कार्सन यांनी लेसरसाठी फॅरडे-परिवलनाचा आयसोलेटर वर्णन केला. अर्धवाहकांतून घडविलेला इवलासा लेसर या बाबतीत फारच हळवा असतो. त्याच्या स्वतःच्या आरशांमध्ये प्रकाशाच्या ज्या येरझारा चालतात, त्यांत बाहेरच्या एखाद्या काचतंतूच्या टोकावरून परावर्तित झालेला अत्यल्प अंशही शिरला, तर त्याची वारंवारता चळते, तीव्रता थरथरू लागते, आणि अधिक अंश शिरल्यास त्याचा सुसंगतपणाच कोसळतो. १९८० मध्ये जपानमधील लँग व कोबायाशी यांनी या वर्तनाची समीकरणे मांडली, १९८५ मध्ये हॉलंडमधील डान लेन्स्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुसंगतीच्या या कोसळण्याचे विवेचन केले, आणि १९८६ मध्ये टॅक व क्राप्लिव्ही यांनी परतीच्या प्रकाशाच्या प्रमाणानुसार लेसरच्या पाच अवस्था वेगळ्या काढून दाखविल्या. १९७० मध्ये कॉर्निंगच्या संशोधकांनी किलोमीटरमागे २० डेसिबेलहून कमी हानीचा काचतंतू घडविल्यापासून प्रकाशीय दळणवळणाचा जो विस्तार झाला, त्यात लेसरच्या दारात गार्नेटचा एक तुकडा, दोन ध्रुवक आणि एक चुंबक यांचा पहारा म्हणूनच अपरिहार्य होऊन बसला.

हा पहारा लेसरच्या धातूच्या पेटीत सहज मावतो. चिपवर मात्र त्याला जागा मिळेना. प्रकाशाचे सर्व घटक एकाच पृष्ठावर कोरावेत ही कल्पना १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या नियतकालिकात स्ट्युअर्ट मिलर यांनी मांडली. चौदा वर्षांपूर्वी फेराइटचा आढावा घेणाऱ्या तिघांतील मिलर ते हेच. सूक्ष्मतरंगांच्या विद्येत वाढलेल्या माणसाने प्रकाशालाही पातळ थरांतल्या तरंगमार्गांतून नेण्याचे स्वप्न पाहावे, हे स्वाभाविकच होते. १९७२ मध्ये त्याच प्रयोगशाळेत पिंग टिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गार्नेटच्या पातळ थरांतून प्रकाश नेऊन त्याला चुंबकाने वळविले. परंतु चपट्या तरंगमार्गात उभ्या आणि आडव्या कंपनांचा वेग भिन्न असतो, आणि त्यामुळे परिवलन साठत जाण्याऐवजी थोड्या अंतरावर पुन्हा उलगडते. १९७५ मध्ये ऑउराखर व विट्टे यांनी यावर असा तोडगा सुचविला की, प्रतल फिरविण्याचा नादच सोडावा. प्रकाशाचे दोन फाटे करावेत, चुंबकाने दोहोंत असा कलाभेद निर्माण करावा की पुढे जाताना लाटा एकमेकींना पुष्टी देतील आणि मागे येताना एकमेकींना नष्ट करतील. चिपवरील चुंबकीय आयसोलेटरांची एक मोठी परंपरा या युक्तीवरच उभी आहे.

१९८५ पासून रिचर्ड सोरेफ यांनी सिलिकॉनलाच प्रकाशाचे माध्यम करण्याचा आग्रह धरला, आणि २००४ मध्ये इंटेल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सिलिकॉनमध्ये सेकंदाला अब्जाहून अधिक वेळा प्रकाशाची उघडझाप करून तो सार्थ ठरविला. पण सिलिकॉन आणि गार्नेट यांचे मुळात पटत नाही. एकाच्या स्फटिकजालाचा एकक ०.५४ नॅनोमीटरचा, दुसऱ्याचा १.२४ नॅनोमीटरचा, उष्णतेने प्रसरण पावण्याचे त्यांचे प्रमाण भिन्न, गार्नेटला स्फटिकरूप देण्यास लागणारी आच चिपवरील इतर घटकांना सोसत नाही, आणि जबरदस्तीने वाढविलेला थर थंड होताना तडकतो. टोकियोत तेत्सुया मिझुमोतो यांच्या गटाने या अडचणीतून असा मार्ग काढला की, गार्नेट वेगळा वाढवावा आणि मग दोन्ही पृष्ठे अतिस्वच्छ करून एकमेकांस थेट सांधावीत. २००८ मध्ये शोजी, मिझुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने सिलिकॉनच्या तरंगमार्गावर २१ डेसिबेलचा, म्हणजे परतीचा प्रकाश शंभरावा हिस्सासुद्धा न उरू देणारा, आयसोलेटर दाखविला. २०११ मध्ये एमआयटी येथील लेइ बी, कॅरोलिन रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गार्नेटचा थर प्रत्यक्ष चिपवरच बसवून, प्रकाशाला वर्तुळाकार कोंडणाऱ्या एका छोट्या अनुनादकात १९.५ डेसिबेलपर्यंतचा मज्जाव साधला. पुढे जाणाऱ्या प्रकाशाचाही मोठा भाग त्यात गमवावा लागत होता. तरी दोन परक्या पदार्थांना एका चिपवर नांदविता येते हे त्याने सिद्ध केले.

त्याच २०११ सालच्या ऑगस्टमध्ये सायन्स या नियतकालिकात एक असा निबंध प्रसिद्ध झाला की ज्याने या क्षेत्रात काही काळ मोठी खळबळ माजविली. सिलिकॉनच्या तरंगमार्गावर ठरावीक अंतराने धातूचे आणि इतर द्रव्यांचे सूक्ष्म थर देऊन, चुंबकावाचून आणि विजेवाचून, एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाचा आकृतिबंध, म्हणजे तरंगमार्गात तो ज्या रूपाने पसरलेला असतो ते रूप, बदलतो आणि दुसऱ्या दिशेने बदलत नाही असे त्यात दाखविले होते, आणि त्यावरून चुंबकाविना एकमार्गी प्रकाशाची आशा अनेकांच्या मनात जागी झाली. ज्याला चुंबकाचा जाच नको, त्याला यापेक्षा अधिक काय हवे? परंतु जानेवारी २०१२ मध्ये स्टॅनफर्डचे शानहुई फान आणि अमेरिका व युरोपमधील अनेक नामवंत संशोधक यांनी एकत्र येऊन त्याच नियतकालिकात आक्षेप नोंदविला. त्यांची कैफियत साधी होती: त्या रचनेत काल नाही, चुंबक नाही, तीव्रतेची अट नाही, म्हणून सर्व आकृतिबंध जमेस धरले असता ती परस्परतेचा नियम काटेकोर पाळते, आणि तिला कोणत्याही तशाच साध्या यंत्रणेत बसविले तरी तिच्यातून आयसोलेटर निर्माण होऊ शकत नाही. मूळ लेखकांनीही आपल्या उत्तरात, ही रचना लोरेंट्झच्या नियमाबाहेरची नाही आणि स्वतःच्या बळावर आयसोलेटर ठरत नाही, हे स्पष्ट केले. पुढील वर्षी, २०१३ मध्ये, दिर्क यालास आणि त्यांच्या सहलेखकांनी आयसोलेटर कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये याचा एक मसुदाच नेचर फोटॉनिक्समध्ये मांडला.

या वादाकडे केवळ एका निबंधाची दुरुस्ती म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. प्रयोगातील निरीक्षणे खरी होती; चूक होण्याचा संभव होता तो त्यांच्या अर्थात. एकाच आकृतिबंधावर दृष्टी खिळविली की मज्जाव झाल्याचा भास होतो. पण परत येणारा प्रकाश दुसऱ्या रूपाने आत शिरतो आणि लेसरला तितकाच छळतो. ज्या नियमाला दीडशे वर्षे पाठ्यपुस्तकांत मान मिळाला होता, तो प्रत्यक्ष व्यवहारात कोणत्या अटींवर शिथिल होतो आणि कोणत्या अटींवर होत नाही, हे संबंध विद्वत्समाजाने एकत्र बसून, उघडपणे, नावानिशी लिहून काढले. शास्त्राची शुचिता टिकते ती अशाच व्यवहाराने.

दुसरा दरवाजा कालाचा. माध्यमाचा अपवर्तनांक स्थिर न ठेवता त्यात एक लाट सतत एकाच दिशेने चालती ठेवली, तर तिच्या सोबतीने जाणारा प्रकाश आणि तिच्या समोरून येणारा प्रकाश यांना ते माध्यम एकसारखे राहत नाही. झोंगफू यू आणि शानहुई फान यांनी २००९ मध्ये या तत्त्वावर संपूर्ण मज्जाव शक्य असल्याचे गणिताने दाखविले, आणि २०१२ मध्ये लिरा, यू, फान व मिशाल लिप्सन यांनी सिलिकॉनच्या चिपवर विजेने ही चालती लाट निर्माण करून त्याची प्रचीती दिली. त्या पहिल्या प्रयत्नात दोन दिशांतील प्रमाण ३ डेसिबेलपर्यंत, म्हणजे केवळ दुपटीपर्यंतच पोहोचले. पण मार्ग खरा होता. २०२१ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचे सुनील भावे आणि लोझानचे टोबियास किपेनबर्ग यांच्या गटांनी सिलिकॉन नायट्राइडच्या एका वर्तुळाकार तरंगमार्गावर ॲल्युमिनियम नायट्राइडचे तीन दाबविद्युत् कंपक बसविले, त्यांना एकमेकांच्या मागोमाग स्पंदविले, आणि त्या वर्तुळातून एकाच दिशेने फिरणारी ध्वनिलाट निर्माण केली. तिच्या योगाने १० डेसिबेलचा मज्जाव साधला, आणि पुढे जाणाऱ्या प्रकाशाची हानी चिपवर अवघी ०.१ डेसिबेल राहिली. चुंबक नाहीसा झाला. त्याच्या जागी सुमारे ३०० मिलिवॉटची विद्युच्छक्ती अखंड पुरविण्याचा बंदोबस्त आला.

तिसरा दरवाजा तीव्रतेचा, आणि तो सर्वांत फसवा. प्रकाश प्रखर असेल तर तो माध्यमाचा अपवर्तनांक स्वतःच बदलतो. म्हणून प्रखर प्रकाशाला परस्परतेचा नियम लागू होत नाही. २०१२ मध्ये पर्ड्यूच्या मिंगहाओ ची यांच्या गटाने केवळ सिलिकॉनच्या दोन वर्तुळांतून अशी एकमार्गी रचना केली. पण २०१५ मध्ये शी, यू व फान यांनी बजावले की, पुढचा प्रखर प्रकाश चालू असतानाच मागून मंद प्रकाश आला, तर अशा अनेक रचना त्या मंद प्रकाशाला अडवू शकत नाहीत. आणि पहारा नेमका त्याच प्रसंगी हवा असतो. तरीही हा दरवाजा अगदीच बंद नव्हता. एका वर्तुळात कोंडलेला प्रखर प्रकाश स्वतःवर जितका परिणाम करतो, त्याच्या दुप्पट परिणाम तो समोरून येणाऱ्या प्रकाशावर करतो, हा केर-परिणामाचा गुण आहे. पास्कल डेल'हे यांच्या गटाने २०१८ मध्ये आणि स्टॅनफर्डच्या येलेना वुच्कोविच यांच्या गटाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात याच दुपटीचा उपयोग केला: पुढचा प्रकाश वर्तुळाशी सुसंवादी राहतो, परतीचा प्रकाश विसंवादी ठरून अडतो. स्टॅनफर्डच्या रचनेला चुंबकही नको आणि बाहेरची वीजही नको. तिची किंमत एवढीच की लेसर अखंड आणि पुरेशा प्रखरतेने तेवत राहिला पाहिजे.

आजही बहुसंख्य लेसरांच्या दारात गार्नेटचा तो सुटा तुकडाच पहारा देतो, आणि चिपवरील तीन दरवाजांपैकी कोणता व्यवहारात स्वस्त पडेल हे कारखान्यांच्या हिशेबांवरून ठरेल. कोठे चुंबकाचा थर परवडेल, कोठे ध्वनिलाटेची वीज, कोठे प्रखर प्रकाशाची अट. परंतु या तिन्हींवाचून चौथा फुकटचा मार्ग नाही, हे ज्ञान गणिताच्या बळावर आधीच हाती आलेले आहे, आणि त्याची योग्यता कोणत्याही एका यंत्रापेक्षा कमी लेखता येणार नाही. स्टोक्सपासून लोरेंट्झपर्यंतच्या विचारवंतांनी आखलेली परस्परतेची मर्यादा अभियंत्याला प्रथम अडथळा वाटते. पण व्यर्थ प्रयत्नांपासून त्याला परावृत्त करणारी आणि फलदायी दिशांकडे त्याचे बोट धरून नेणारी मार्गदर्शिकाही तीच ठरली आहे. या क्षेत्रात उतरणाऱ्या तरुण मराठी विद्यार्थ्याने नव्या चिपचा आराखडा काढण्यापूर्वी या नियमाच्या तीन अटी मनात पक्क्या ठसवाव्यात. त्या ज्याला उमजल्या, त्याचे श्रम वाया जाणार नाहीत.